अवनीचा वेगळा तवा

काकू,

तुम्ही गेल्याचं मला ग्रुपवर कळलं. पाळणाघराचा तो ग्रुप मी अजून सोडलेला नाही. आम्हाला डोंबिवली सोडून घोडबंदर रोडला येऊन सात महिने होत आले, अवनी आता तुमच्याकडे येत नाही, तरी रोज सकाळी 'आज कोण येणार नाही ते कळवा' हा तुमचा मेसेज यायचा आणि मी तो वाचायचे. त्या दिवशी तो आला नाही. दुपारी काकांनी दोनच ओळी लिहिल्या. त्याखाली एकामागून एक जोडलेले हात. ज्या आया मला त्यांच्या नावाने नाही, मुलांच्या नावाने माहीत आहेत, त्या सगळ्यांनी काहीतरी लिहिलं. कोणी तुमचा फोटो टाकला, त्यात तुमच्या खांद्यावर एक बाळ झोपलंय आणि तुम्ही कॅमेऱ्याकडे न बघता गॅसकडे बघताय. मी चार वेळा टाइप केलं आणि चारही वेळा पुसलं.

काय लिहावं ते सुचत नव्हतं, असं नाही. आपल्या दोघींच्या चॅटमध्ये एक मेसेज आहे, मी तुम्हाला पाठवलेला. तो मला परत घ्यायचा होता. दीड वर्ष मी तो परत घेणारच होते. तो तसाच ठेवून ग्रुपवर 'तुम्ही आमच्या मुलांची दुसरी आजी होतात' वगैरे लिहिणं मला जमेना. म्हणून इथे लिहितेय. माझं मराठी शाळेत एका पेपरापुरतं होतं, हे तुम्हाला माहीत आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

पहिल्या दिवशी मी दोन पानं प्रिंट करून आणली होती. अवनी दहा महिन्यांची होती, माझी रजा संपली होती, आणि मी दारात अशी उभी होते की आत यायचंय की पळून जायचंय ते मलाच ठरवता येत नव्हतं. तुम्ही पानं हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली आणि आत हाक मारली, "अहो, जरा वाचा हे मोठ्याने." काका चष्मा लावून वाचायला लागले, एकेक वाक्य मराठीत करून. वर्षाच्या आत मीठ नाही. साखर नाही. मध नाही. तुम्ही प्रत्येक वाक्याला "बरं" म्हणत होतात. "स्क्रीन अजिबात नाही," काका म्हणाले आणि थांबले.

"वाचा ना पुढे," तुम्ही म्हणालात.

"हे माझ्या मॅचबद्दल आहे," काका म्हणाले.

तुम्ही हसलात, बाकीची पोरंही उगाच हसली. मी हसले नाही. मला वाटलं तुम्ही मला हसताय. मला बहुतेक वेळा असंच वाटतं. मग तुम्ही अवनीला माझ्या हातातून घेतलंत आणि तिच्या हिरड्यांवरून करंगळी फिरवलीत. "चार दात आलेत की गो हिला. सगळं वाटून कशाला देतेस? दातांना काहीतरी काम दे." आणि मला सांगितलंत की उद्यापासून शिजवलेलं काही आणू नकोस, एक कच्ची भाजी आण, धुऊन. रोज एक. प्रत्येक आई आणते.

त्या भाज्यांचं काय होतं, हे मी विचारलं नाही. मी एका काचेच्या डब्यात दुधीचा तुकडा नाहीतर अर्धं गाजर ठेवायचे, डब्यावर अवनीच्या नावाचं लेबल लावायचे, आणि मला वाटायचं की चार वाजता तिच्या भाजीचं तिच्यासाठी काहीतरी होतं. अकरा मुलं, अकरा डबे, अकरा वेगवेगळे पदार्थ. आता लिहिताना कळतंय की हे किती वेड्यासारखं होतं. पण आम्हाला शाळेपासून आपापला डबा, आपापली बाटली, आपापला रुमाल असंच शिकवलेलं. मला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

तुमची चार वाजताची धिरडी मी पहिल्यांदा नीट बघितली ती एका शनिवारी. मला कामावर जायचं नव्हतं, पण घरी एकटीला बसवत नव्हतं, म्हणून अवनीला घेऊन आले आणि काहीतरी कारण काढून तुमच्या ओट्यापाशी उभी राहिले. नाचणी, तांदूळ आणि मुगाच्या डाळीचं पीठ. त्यात किसलेला दुधी, किसलेलं गाजर, अगदी बारीक चिरलेला पालक. पाण्याचं भांडं मी पुढे केलं तर तुम्ही माझा हात बाजूला केलात. "थांब. दुधी आपलं पाणी सोडतो. दहा मिनिटं कळ काढ." खरंच सोडलं. बिडाच्या तव्यावर काट्याला टोचलेला अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवलात, पळीभर पीठ घातलंत, झाकण ठेवलंत. वर जाळी पडली, कडा सुटल्या, तेव्हाच उलटलंत.

पातेलं एकच होतं. आधी त्यातून सगळ्यात लहानांसाठी, मिठाशिवाय, फक्त जिऱ्याची पूड घालून. त्याच्या तुम्ही बोटाएवढ्या पट्ट्या कापायचात, म्हणजे मुठीत धरल्या तरी वर चोखायला टोक राहतं. मग त्याच पिठात मीठ आणि कोथिंबीर, ती चालत्या मुलांसाठी, तळहाताएवढी गोल. आणि साडेसहाला आया यायला लागल्या की उरलेल्या पिठात कांदा, मिरची, आलं. ती मोठी, आमच्यासाठी आणि काकांसाठी. "लहानांचं आधी, तिखटाचं शेवटी," तुम्ही म्हणालात, "म्हणजे कोणासाठी वेगळं काही करावं लागत नाही." मी माझ्या दोन पानांत जे जे लिहिलं होतं, ते तुमच्या त्या एका पातेल्यात आधीपासून होतं. हे मला तेव्हा दिसलं. तरी मी तसं म्हणाले नाही.

आणि किसलेल्या भाज्यांच्या त्या ढिगात अवनीच्या डब्यातला दुधी कुठला, हेही मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

ती दीड-पावणेदोन वर्षांची असताना एका संध्याकाळी मी तिला न्यायला आले. तुम्ही दुसऱ्या एका आईशी बोलत होतात. मी खालीच बघून अवनीला उचललं, चपला घातल्या आणि निघाले. रिक्षात दिव्याच्या उजेडात तिच्याकडे बघितलं तर ओठांभोवती, हनुवटीवर, मानेच्या वळीत सगळं लाल. अवनीचा बाबा, निनाद, त्या आठवड्यात पुण्याला होता. मी मोबाईलवर लहान मुलांच्या अ‍ॅलर्जीचे फोटो बघत बघत घरी आले, किसलेल्या भाज्यांचा तुमचा तो ढीग आता कुठे डोळ्यांपुढे आला, आणि जिन्यात उभी राहून तुम्हाला तो मेसेज पाठवला. इंग्रजी अक्षरांत मराठी. तो मला पाठ आहे.

'काकू, अवनीला प्लीज फक्त तिच्या डब्यातलं द्या. दुसऱ्या मुलांच्या भाज्या तिच्यात मिक्स करू नका. तवा पण वेगळा वापरा. तिला त्रास होतो. मी विश्वासाने ठेवते तुमच्याकडे.'

मग घरात जाऊन तिला सिंकवर धरलं आणि ओल्या रुमालाने तोंड पुसलं. लाल सगळं रुमालावर आलं. बीट होतं. दुसऱ्या कोणाच्या डब्यातलं बीट, आणि ते तिने इतकं आवडीने खाल्लं होतं की मानेपर्यंत गेलं होतं. माझ्या कडेवर ती हसत होती, चार नव्हे, आता चांगल्या बारा दातांनी.

फोन बघितला. तुम्ही मेसेज वाचला होता. खाली तुमचं उत्तर होतं. 'बरं.'

त्याच क्षणी मला फोन करता आला असता. 'काकू, सॉरी, बीट होतं, मी घाबरले.' एवढंच. मी फोन हातात धरून बसले आणि स्वतःला समजावत राहिले की मेसेजची वेळ चुकली असेल, पण मुद्दा बरोबर आहे. न विचारता मिक्स करायचं कशाला? निनाद घरी आला तेव्हा त्यालाही मी फक्त मुद्दा सांगितला. बीट सांगितलं नाही. ते तुम्ही असेपर्यंत मी कोणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ओट्यावर एक छोटा नवा तवा होता. काका सकाळी जाऊन घेऊन आले होते. तुम्ही तो मला उचलून दाखवलात. "हा अवनीचा हं. ह्याला दुसरं काही लागणार नाही." मी तुमच्या आवाजात टोमणा शोधला. मला टोमणे लगेच सापडतात, नसले तरी सापडतात. तुमच्या आवाजात एकही नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं, काकू.

आणि तुम्ही शब्द पाळलात. इतका पाळलात की मला त्याचा राग यायला लागला. वेगळी वाटी, वेगळं पीठ, वेगळा तवा, वेगळी ताटली. दहा मुलांचं एक पातेलं आणि माझ्या मुलीची एक वाटी. तुमच्या गुडघ्यांना उभं राहायला त्रास होत होता, हे मला दिसत होतं, आणि माझ्यामुळे तुम्ही रोज दहा मिनिटं जास्त उभ्या राहत होतात.

मी एकदा ऑफिसमधून लवकर सुटले. चार वाजून गेले होते. तुमचं दार नेहमीसारखं उघडं, आणि मी चपला काढत असताना आतलं सगळं दिसत होतं. मुलं गोल करून बसली होती, मध्ये मोठी परात, परातीत धिरडी. जो तो हात घालून उचलत होता, एक मुलगा दुसऱ्याच्या तोंडात कोंबत होता. अवनी तिथे नव्हती. ती भिंतीपाशी होती, दोन हातांवर, वेगळ्या चटईच्या तुकड्यावर, पुढे स्टीलची ताटली. ती रडत नव्हती. तिने आपल्या धिरड्याचा एक तुकडा मोडला आणि हात लांब करून गोलातल्या श्लोकला द्यायला गेली. श्लोकने हात पुढे केला आणि मग स्वतःच मागे घेतला. "अवनीचं नाही घ्यायचं," तो तुम्हाला म्हणाला, शहाण्यासारखा. तुम्ही अवनीच्या शेजारी खाली बसलात, गुडघा धरून, आणि म्हणालात, "तुझं तुझ्याकडे हं, बाळा. आईने सांगितलंय ना."

तिने तुकडा परत ताटलीत ठेवला. नीट ठेवला, कडेला.

मग तुम्हाला मी दिसले. "अगं, आज लवकर? ये, ये. खाशील?" आणि तुम्ही परातीतलं एक धिरडं उचलून माझ्या हातात ठेवलंत. त्यात दुधी, गाजर, कोबी, बहुतेक श्लोकचा लाल भोपळा. सगळ्यांचं सगळं. ते मी उभ्याने खाल्लं, माझ्या मुलीसमोर. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मला पक्कं आठवतंय, तुम्ही एरवी कोणाकडे इतका वेळ बघत नाही, तुमचं लक्ष सतत दहा ठिकाणी असतं. त्या वेळी तुम्ही फक्त माझ्याकडे बघत होतात.

मी म्हणाले, "छान झालंय."

तुम्ही म्हणालात, "हो ना?" आणि उठलात.

तिथे म्हणायला हवं होतं. पुढचे तीन महिने रोज मी घरून ठरवून यायचे की आज म्हणेन. तुमच्या दारात आलं की वाटायचं, आता एवढ्या दिवसांनी काय सांगायचं? का सांगितलं नाही आधी, असं विचारलंत तर? मग आमच्या नव्या घराचा ताबा मिळाला, आणि मला, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं. शेवटच्या दिवशी तुम्ही विचारलंत, "तिकडे शेजार कसा आहे?" मी म्हटलं, "चांगला आहे." मला शेजारच्या दारावरची पाटीसुद्धा वाचलेली आठवत नव्हती. "ये गो मधेमधे," तुम्ही म्हणालात. मी "हो, नक्की" म्हटलं, जसं सगळे म्हणतात.

आमचं घर एकोणिसाव्या मजल्यावर आहे. इथून खाडी दिसते, रस्त्यावर अडकलेल्या गाड्या दिसतात, त्यातल्या एका गाडीत निनाद असतो. लिफ्टमध्ये लोक फोनकडे बघतात आणि मीही बघते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला कोणी न बोललेलं आवडतं, असं मी बरीच वर्षं समजत होते. पण मी धिरडी करायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला पीठ कमी भिजवताच येत नाही. तुमचा हात बघून शिकलेलं, तुमच्या पातेल्याचं माप. अवनी दोन खाते, मी एक खाते, आणि बाकीचं पीठ फ्रीजमध्ये आंबतं.

मग अवनीच्या नव्या डेकेअरच्या टीचरने मला थांबवलं. "सगळं छान आहे," ती म्हणाली, "फक्त टिफिनला अवनी बाकी मुलांजवळ बसत नाही. भिंतीजवळ जाऊन बसते. कोणी काही दिलं तर घेत नाही, आणि स्वतःचा डबा हाताने झाकते. शी डझन्ट शेअर."

मी म्हटलं, "ती जरा लाजाळू आहे. माझ्यासारखी."

टीचर हसली, तिला ते पटलं. कोणालाही पटलं असतं. फक्त तुम्हाला आणि मला माहीत होतं की ती जन्मतः लाजाळू नाही. जन्मतः ती मानेपर्यंत बीट फासून हसणारी होती. भिंतीपाशी तिला मी बसवलं. त्या रात्री मी ठरवलं की रविवारी तिला घेऊन डोंबिवलीला यायचं, तुमच्यासमोर तिला त्या गोलात बसवायचं, आणि जे सांगायचं ते सांगायचं. तो रविवार यायच्या आधी काकांच्या दोन ओळी आल्या.

तरी मी आले, काकू. अवनीला निनादजवळ ठेवून, एकटी. नांदिवलीच्या त्या गल्लीत दुपारी शिरताना मला नेहमी लांबूनच मुलांचा आवाज यायचा आणि मी पाऊल उचलायचे. या वेळी वरच्या मजल्यावरचा मिक्सर ऐकू आला. तुमचं दार उघडंच होतं. हॉलमधल्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यात उभ्या केलेल्या, नॅपकिनच्या खुंट्या रिकाम्या. काकांनी माझ्याकडे क्षणभर बघितलं.

"अवनीची आई ना? वेगळ्या तव्याची?"

मी तशीच दारात उभी राहिले.

"अगं, ये आत. रागावू नकोस हां, आमच्यात तुझं तेच नाव होतं. अवनी दोन होत्या ना मध्यंतरी. एक कल्याणची अवनी, एक वेगळ्या तव्याची."

त्यांनी चहा टाकला. मला करू दिला नाही. चहात साखर दोनदा पडली, आम्ही दोघांनी तसाच प्यायला. त्यांनी मला सांगितलं की सकाळी सातला बेल वाजली असं त्यांना अजून वाटतं. मी विचार करत होते की या माणसाला आता माझी जुनी चूक सांगणं बरं दिसेल का. मग वाटलं, मी आजवर जे जे सांगितलं नाही ते बरं दिसणार नाही म्हणूनच सांगितलं नाही. म्हणून सांगितलं. रिक्षा, लाल तोंड, मेसेज, रुमाल. खाली बघून, एका दमात.

काका म्हणाले, "बीट होतं ते. माहितीये आम्हाला."

"काकूंना माहीत होतं?"

"तिनेच तर किसलेलं. तुझा मेसेज आला तेव्हा मीच वाचून दाखवला. ती म्हणाली, बिटाचं तोंड बघून घाबरली पोरगी. मी म्हटलं, मग फोन कर ना, सांग तिला. तर म्हणाली, नको, तोंड धुतल्यावर कळेलच तिला. ती करेल फोन."

मी कप खाली ठेवला.

"लागलं का त्यांना?" मी विचारलं.

"लागलं. विश्वास बिश्वास लिहिलं होतंस ना. दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी कोणाला तरी ताप आला, मग विसरली. अकरा पोरं असताना धरून कुठे बसणार माणूस?"

"पण मग वेगळा तवा का ठेवला? एवढे महिने? माहीत होतं तर?"

"ते तिचं पहिल्यापासूनचं होतं," काका म्हणाले. "आईने घातलेला नियम पाळणाघरात मोडायचा नाही. बरोबर असो, चूक असो. पोराला कळलं की काकू आईचं ऐकत नाही, तर ते उद्या आईचं ऐकणार नाही. आईचा नियम आईच मोडणार. मी कितीदा म्हटलं तिला, अगं, बसव त्या पोरीला सगळ्यांत, कोण बघतंय? तर मलाच ओरडायची. म्हणायची, तिची आई येऊन सांगेल. रोज येते, सांगायला तोंड उघडते आणि चप्पल घालते."

काकू, म्हणजे तुम्हाला दिसत होतं. माझं तोंड उघडलेलं दिसत होतं.

यावर मला तुमच्याशी भांडायचं आहे. मी आयुष्यात फारशी भांडलेली नाही, पण हे भांडण मी केलं असतं. तुम्ही तो नियम मोडायला हवा होता. एवढ्या मुलांच्या आया बघितल्यात तुम्ही, त्यांतली एक मुकी आहे हे कळल्यावर तिची वाट कशाला बघायची? एक वाक्य तुम्ही बोलला असतात, 'अगं, बीट होतं ना ते?', तर मी रडले असते, आणि अवनी दुसऱ्या दिवशी परातीत हात घालून बसली असती. तुम्ही माझा मान ठेवलात. तो मान मला नको होता. आणि हे लिहितानाच कळतंय की त्या सगळ्या महिन्यांत माझ्या मुलीला तुम्ही एकदाही सांगितलं नाहीत की तुझी आई चुकली. 'आईने सांगितलंय ना,' एवढंच. तिच्या नजरेत मला तुम्ही कमी होऊ दिलं नाहीत, दुखऱ्या गुडघ्यांवर रोज दहा मिनिटं जास्त उभं राहून. या दोन्ही गोष्टी मला एकत्र कुठे ठेवाव्यात ते कळत नाही. आईचा नियम आईच मोडणार, एवढं मात्र मी तुमच्या घरून घेऊन निघाले.

तरी मला आठवडा लागला. मी मीच आहे.

काल संध्याकाळी धिरडी केली, नेहमीसारखी जास्त, आणि पेपर प्लेटमध्ये घालून अवनीला खाली सोसायटीच्या बागेत घेऊन गेले. आम्ही रोज ज्या कोपऱ्यातल्या बाकावर बसतो तिथे बसलो. समोरच्या बाकावर एक आजी आपल्या नातीला घेऊन असतात. आम्ही एकमेकींना रोज बघतो. नात धावत आली आणि तिने मूठ उघडून अवनीसमोर धरली, चुरमुरे होते. अवनीने हात मागे घेतला आणि सरावाने म्हणाली, "मला नाही चालत."

आजी समोरून म्हणाल्या, "काही पथ्य आहे का हो हिला?"

मान हलवली असती तर संपलं असतं. मी म्हटलं, "नाही. तिला सगळं चालतं."

अवनीने माझ्याकडे इतकं चमकून बघितलं की मी बाकावरून उतरून तिच्यासमोर खाली बसले. काय शब्द वापरले ते धड आठवत नाहीत. सांगितलं की काकूंकडे तुला वेगळं बसवायचे ना, ते मी सांगितलं होतं काकूंना. मला वाटलं तुला बिटाने त्रास झाला. तसं काहीच नव्हतं. माझं चुकलं होतं. तू कोणाबरोबरही बसून खाऊ शकतेस, कोणाचंही, आणि तुझंही देऊ शकतेस.

तिने आधी त्या मुलीच्या मुठीकडे बघितलं. मग तिने विचारलं, "मग मी आजारी नाहीये?"

काकू, ती एवढे महिने असं समजत होती. साडेतीन वर्षांची नाही अजून. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिने तिचं तिचं जुळवलं होतं, आणि माझ्यासारखीच कोणाला विचारलं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "तू कधीच आजारी नव्हतीस."

"काकूला माहिती होतं?"

आठवड्यापूर्वी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नसतं. "हो," मी म्हटलं. "काकूला पहिल्या दिवसापासून माहिती होतं."

यावर तिचा विश्वास बसला. माझ्यावर बसला नसता कदाचित, तुमच्यावर बसला. तिने प्लेट दोन्ही हातांनी उचलली आणि ती समोरच्या बाकाकडे चालत गेली, त्या मुलीच्या शेजारी चढून बसली आणि प्लेट दोघींच्या मध्ये ठेवली. मी खालून उठून परत बाकावर बसले. आजींनी एक तुकडा मोडून नातीला भरवला, एक स्वतःच्या तोंडात टाकला आणि मला लांबूनच विचारलं, "काय काय घातलंय हो यात?"

मी बसल्या जागेवरूनच सांगायला लागले, दुधी, गाजर, नाचणी. माझा आवाज तिथपर्यंत पोचेना. म्हणून उठले.